‘घेऊ नका’च्या पुढचं सांगा

मी नालासोपाऱ्यात वाढलो. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, माझ्या हातावर पहिल्यांदा ठेवलं ते शाळेपासूनच्या मित्राने, तेही फुकट. ‘परीक्षा आहे ना? रात्रभर झोप येणार नाही,’ एवढंच तो म्हणाला. झोप खरंच आली नाही. जबडा आवळला, तोंड कोरडं पडलं, छाती धडधडत राहिली, आणि आता आपल्याला काहीही जमेल असं वाटलं. नशा उतरल्यावर मात्र इतकं उदास वाटलं की मी पुन्हा त्याच्याच दारात गेलो. पुढच्या पुड्या विकतच्या होत्या. कॉलेज सुटलं, आईच्या बांगड्या विकल्या गेल्या, घरात माझ्यावर कुणाचा विश्वास उरला नाही.

उपचार घेऊन सावरल्यावर मी आपल्या भागातल्या मुलांशी बोलायला जातो. भिंतीवर कवटीचं चित्र असतं, खाली ‘ड्रग्ज म्हणजे मृत्यू’. आम्हालाही हेच शिकवलं होतं. पण पहिल्या पुडीने मी मेलो नाही, आणि त्या दिवशी मोठ्यांचं सगळंच मला खोटं वाटलं. म्हणून शिक्षकांना, पालकांना माझी विनंती आहे: भीती घालू नका; काय काय होतं ते क्रमाने, खरंखरं सांगा. सुरुवातीला बरं वाटतं, हेही सांगा.

ऑगस्ट 2022 मध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यात 700 किलोहून जास्त एमडी पकडलं. किंमत सुमारे 1,400 कोटी रुपये. हे पोलिसांचं काम, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण साठा केवढाही असो, मुलापर्यंत तो चिमटीएवढाच येतो आणि ओळखीच्या हातून येतो.

मुलांनो, कुणी पुडी पुढे केली तर कारणं देत बसू नका. कारण दिलं की समोरचा ते खोडून काढतो. ‘नको’ म्हणा आणि तिथून निघा. घेऊन झालं असेल तर आजच विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला सांगा.

आईबाबांनो, मुलगा रात्र रात्र जागतोय, मग दिवसभर झोपतोय, भूक मेलीये, पैसे गायब होतायत, तर मारझोड करू नका. खोलीत कोंडू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. एमडीची ओढ घालवणारी खास गोळी नाही. समुपदेशन, नियमित दिनक्रम आणि सोबतीचा गट यांवरच भर असतो. फादर जो परेरा स्वतः दारूतून बाहेर पडले आणि 1981 मध्ये त्यांनी व्यसनमुक्तीसाठी कृपा फाउंडेशन सुरू केलं. त्याचं केंद्र वसईतही आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये उभं केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. 14446 या सरकारी हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो.

‘पोलिसांचं लफडं होईल’ म्हणून घरं गप्प बसतात. पण अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64अ प्रमाणे, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात पूर्ण उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

आणि बरा झालेला मुलगा पुन्हा घसरला, तर ‘सगळं पाण्यात गेलं’ म्हणू नका. या आजारात घसरण होते. त्याच दिवशी समुपदेशकाला फोन लावा, पुढच्या बैठकीला त्याच्याबरोबर स्वतः जा. मुलाला घरी खरं बोलता आलं, तर उपचार वेळेवर सुरू होतात.