उंच केलेल्या जिप्सीची निलंबन-योजना

१९८५ साली भारतात आलेल्या मारुती जिप्सीची रचना जुन्या धर्तीची होती. शिडीच्या आकाराचा पोलादी सांगाडा, पुढे आणि मागे एकसंध आस, आणि या दोहोंना जोडणारे पाटे, म्हणजे चपट्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली कमान. या साधेपणामुळेच ती सैन्यात, अभयारण्यांत आणि पहाडी शर्यतींत दीर्घकाळ टिकली. आणि याच साधेपणामुळे ती उंच करण्याचा मोह तिच्या मालकांना वारंवार होत आला आहे. पाटे उतरविणे व चढविणे हे गावच्या कारागिरालाही जमणारे काम असल्याने त्यात जोखीम ती काय, असे वाटणे साहजिक आहे.

उंची वाढविल्याने नेमके काय साधते, हे प्रथम पाहिले पाहिजे. एकसंध आस असलेल्या वाहनात खडकाला सर्वांत आधी टेकणारा भाग म्हणजे आसेवरील डिफरन्शियलचा गोळा. पाटे बदलून सांगाडा कितीही वर नेला तरी हा गोळा होता तेथेच राहतो. तो वर जातो केवळ मोठ्या टायरमुळे, आणि तोही टायरच्या व्यासात झालेल्या वाढीच्या निम्म्यानेच. सांगाडा उचलण्याचा खरा उपयोग एवढाच की, मोठ्या टायरला जागा मिळते आणि गाडीचे पोट व नाक उंचवट्यावर घासत नाही.

स्वस्तातला उपाय शॅकल लांब करण्याचा. पाट्याचे एक टोक सांगाड्याला पक्के असते, तर दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला लटकते. हा दुवा ५ सेंटिमीटरने लांबविला तर गाडी सुमारे अडीच सेंटिमीटर उचलली जाते. परंतु जिप्सीत पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढील टोकाला असल्याने तेथे पाटा पुढे झुकतो आणि त्याच्याबरोबर आसही फिरते. चाकाच्या वळणाचा अक्ष जो थोडा मागे कललेला असावा लागतो, तो उभा होत जातो. मग वेगात स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही व गाडी रस्त्यावर भरकटू लागते. आस आणि पाटा यांच्यामध्ये पाचर बसवून हा कल काही अंशी परत मिळविता येतो.

दुसरा प्रचलित उपाय म्हणजे जादा पाटा घालणे. येथे पोलादाचा एक नियम ध्यानात ठेवावा: पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मिलिमीटर जाडीच्या पाट्याऐवजी ७ मिलिमीटरचा घातला तर तो पाटा जवळजवळ १.६ पट ताठ होतो. अशी गाडी उंच दिसते खरी, पण खडबडीत जागी तिचे चाक खड्ड्यात उतरत नाही, अधांतरी राहते. आणि अधांतरी चाक गाडी ओढू शकत नाही. ज्या कामासाठी खटाटोप केला तेच बिघडते. म्हणून पातळ पट्ट्यांची, अधिक बाक असलेली नवी कमान महाग असली तरी तीच श्रेयस्कर.

पाटे आसेच्या खालून काढून वर बसविण्याची पद्धतही आहे. तिने गाडी एकदम पाच-सहा इंच उचलली जाते. मात्र पाय जोरात दाबला की आस स्वतःभोवती फिरू पाहते व पाटा मुरडला जातो.

पाट्यांचे निश्चित झाल्यावर धक्काशोषकाचा विचार करावा, आणि तो डोळ्यांनी नव्हे, मोजपट्टीने करावा. आस पूर्ण खाली लोंबत असताना मूळ धक्काशोषक आखूड पडतो. आसेचे सारे ओझे त्याच्या कडीवर येते आणि ती तुटते. उलट फार लांब धक्काशोषक गाडी दबताच तळाला टेकतो. दोन्ही टोकांची अंतरे मोजून, त्यांच्या आत बसेल असाच नग घ्यावा. ब्रेकच्या रबरी नळीचे तर याहून गंभीर. उतारावर एक चाक खाली लोंबले आणि आखूड नळी ताणून फाटली, तर त्या मंडलातील ब्रेक तत्क्षणी जातो.

प्रोपेलर शाफ्टचा कोनही बदलतो. युनिव्हर्सल जॉइंट २० अंशांत वाकला असता पुढील दांड्याची गती प्रत्येक फेऱ्यात सुमारे सहा टक्क्यांनी कमी-जास्त होते. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तरच हे चढउतार परस्परांना रद्द करतात. एरवी गाडी थरथरते.

या सर्वांहून मोठी बाब गुरुत्वमध्याची. समजा, चाकांतील अंतर १३० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटर आहे. असे वाहन तत्त्वतः ४५ अंशांच्या कलापर्यंत उभे राहते. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर गेला की ही मर्यादा ४१ अंशांवर येते. पाटे एका बाजूस दबत असल्याने प्रत्यक्षात ती त्याहूनही कमी. वळणावर हा फरक जीवघेणा ठरू शकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलापासून विसंगत होणाऱ्या बदलास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. सार्वजनिक रस्त्यावर गाडी नेणाऱ्याने हे आधी पाहावे, खर्च नंतर करावा.

जोडणीत जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ते एकदा ताणलेले असतात. पाट्यांच्या टोकांतील बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबरी बुश पिळलेले राहून लवकर फाटतात. त्यानंतर एक चाक ठोकळ्यावर चढवून, दुसरे लोंबते ठेवून, नळ्या, शाफ्ट व टायर सावकाश तपासावेत; आणि काहीशे किलोमीटर धावल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.