गोळी अडली, तरी दवाखाना चुकवू नका

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात गेली. बंदोबस्ताला निघणाऱ्यांना बुलेटप्रूफ जॅकेट द्यायचं आणि परत आलं की तपासून ठेवायचं, हे माझं काम. एका छाप्यात आमच्या हवालदाराला समोरून पिस्तुलाची गोळी लागली. जॅकेटने ती अडवली. रक्ताचा थेंबही नव्हता. ठाण्यात येऊन तो चहा प्यायला, ‘काही नाही साहेब, नुसता दणका बसला’ म्हणाला, आणि सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. पहाटे श्वास घेताना कळ यायला लागली, तेव्हा कुठे त्याला रुग्णालयात नेलं. बरगडी मोडली होती, फुप्फुसालाही मार होता. तो वाचला, पण मधले तास फुकट गेले.

जॅकेट मुद्देमालात जमा होण्याआधी मी ते उघडून पाहिलं. कव्हरवर बोट जाईल एवढं भोक. आतल्या कापडाचे वरचे थर फाटलेले, पुढच्या थरांत गोळी बटणासारखी चपटी होऊन अडकलेली, आणि अंगाकडच्या बाजूला चांगलाच फुगवटा. तो फुगवटा छातीत घुसला होता. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसच्या चाचणीत जॅकेट मातीच्या ठोकळ्यावर बांधून गोळ्या झाडतात. मातीत ४४ मिलिमीटरपर्यंत खळगा पडला तरी चालतो. म्हणजे पावणेदोन इंच! उत्तीर्ण झालेलं जॅकेटसुद्धा एवढा मार आत पोचू देऊ शकतं.

पिस्तुलाच्या गोळीपुढे चांगलं जॅकेट भरवशाचं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याच अमेरिकी संस्थेच्या जुन्या मानकातली ‘थ्री-ए’ श्रेणी तर .४४ मॅग्नमची गोळीही अडवते. पण तेच मऊ जॅकेट घालून रायफलीसमोर जाऊ नका. नाइन एमएमची गोळी साधारण आठ ग्रॅमची, एके-४७ चीही जवळपास तेवढीच. मात्र एकेच्या गोळीचा वेग सेकंदाला सातशे मीटरच्या वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. तिथे कडक प्लेटच लागते. २६/११ ला मुंबईत हल्लेखोरांच्या हाती एके रायफली होत्या, हे आपण विसरता कामा नये. जड होतात, उकडतं म्हणून प्लेटा काढून ठेवणारे मी पाहिले आहेत आणि त्यांच्याशी भांडलोही आहे.

जॅकेट काळानुसार कमकुवतही होतं, कधी कधी फार लवकर. २००३ साली पेनसिल्व्हेनियात झायलॉन धाग्याच्या जॅकेटातून गोळी आरपार गेली आणि पोलीस अधिकारी जखमी झाला. ते जॅकेट काही महिन्यांचंच होतं. ओल आणि उजेडाने तो धागा कमकुवत होतो, असं तपासात दिसलं आणि २००५ मध्ये झायलॉनच्या जॅकेटांची मान्यता गेली. केव्हलार धाग्यालाही ऊन आणि ओल मानवत नाही. म्हणून घामाचं जॅकेट उन्हात टाकू नका, सावलीत सपाट पसरून वाळवा. गाडीच्या डिकीत दुमडून कोंबू नका. आत शिवलेल्या पट्टीवरची श्रेणी आणि तारीख वाचा. मऊ पॅनेलची हमी बहुधा पाच वर्षांचीच असते. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७०५१ हे मानक २०१८ पासून आहे, खरेदी करणाऱ्यांनी त्याचा आग्रह धरावा. आणि एकदा गोळी खाल्लेलं जॅकेट पुन्हा कुणाच्या अंगावर चढवू नये.

तुमच्या सहकाऱ्याला जॅकेटवर गोळी लागली, तर तो कितीही ‘ठीक आहे’ म्हणाला तरी ऐकू नका. लगेच रुग्णालयात न्या, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी करून घ्या आणि डॉक्टर सोडतील तेव्हाच घरी पाठवा.