गेममधल्या गाडीचं इंजिन का बसतं? (विज्ञान आणि गणिताचा एकत्रित पाठ)



रेसिंगचे गेम खेळणारी मुलं आता बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवरही आहेत. बहुतेक गेममध्ये गाडी भिंतीवर आपटली तरी पुन्हा पळते. पण 'असेटो कोर्सा', 'आयरेसिंग', 'बीमएनजी ड्राइव्ह' हे सिम्युलेटर वेगळे आहेत. त्यांत खऱ्या गाडीचे नियम गणिताने बसवलेले असतात. गाडी चुकीची चालवली की इंजिनाची ताकद कमी होत जाते आणि शेवटी ते बसतं. मुलं म्हणतात, "नशीब खराब, इंजिन गेलं." पण इंजिन नशिबाने जात नाही. त्याला दर वेळी कारण असतं, आणि ते पाचवी ते आठवीच्या मुलांना नीट समजू शकतं.

आपल्या भागात इंजिन हा अनोळखी विषय नाही. बारामती एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात १९९९ पासून आपे रिक्षा आणि २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर तयार होते. गाळप हंगामात माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मुलं रोज बघतात. तेव्हा गेममधून सुरुवात करा आणि ट्रॅक्टरपाशी या.

उद्दिष्टे
- इंजिन बिघडण्याची चार मुख्य कारणं समजणे.
- गुणोत्तर आणि वर्ग यांचा व्यवहारातला उपयोग पाहणे.
- घरच्या वाहनाच्या देखभालीशी संबंध जोडणे.

कारण १ : प्रमाणाबाहेर फेरे

इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, ते आरपीएम. मीटरवरची लाल रेघ म्हणजे त्याची मर्यादा. नुसता ॲक्सिलरेटर दाबून ही रेघ फारशी ओलांडता येत नाही, कारण रेव्ह लिमिटर इंधन किंवा ठिणगी तोडतो. मग गेममध्ये इंजिन बसतं कसं? गिअर चुकल्यामुळे.

फळ्यावर हे गणित मांडा. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ७,००० फेऱ्यांवर आहे. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.५ आणि दुसऱ्याचं २.१ धरू. टाकायचा होता चौथा, पण घाईत पडला दुसरा. गाडीचा वेग तोच आहे, म्हणून फेरे होतील :

७,००० × २.१ ÷ १.५ = ९,८००

इथे चाकंच इंजिनाला फिरवतात. लिमिटरने इंधन तोडलं तरी चाकांचा जोर कसा तुटणार?

आता वर्गाचा उपयोग. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबून उलटा फिरतो. ७,००० फेऱ्यांना हे सेकंदाला सुमारे २३३ वेळा घडतं. त्या वेळी कनेक्टिंग रॉडवर येणारा ओढीचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे १.४ पट झाले, तर ताण १.४ × १.४ = १.९६, म्हणजे जवळजवळ दुप्पट. शिवाय इतक्या वेगात व्हॉल्व्हची स्प्रिंग व्हॉल्व्ह वेळेवर मिटवू शकत नाही. मग पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो.

'असेटो कोर्सा'त प्रत्येक गाडीला फेऱ्यांची एक मर्यादा दिलेली असते. फेरे तिच्या वर गेले की नुकसान साचायला लागतं, आणि जितके जास्त वर जातील तितकं ते वेगाने वाढतं. टर्बोचा दाब मर्यादेपेक्षा वाढला तरी असाच हिशोब होतो. इंजिन शेवटच्या वळणावर बसलं, तरी त्याचं कारण कदाचित आधीच्या दहा चुकांत असेल.

कारण २ : उष्णता

इंधनातल्या ऊर्जेचा मोठा भाग चाकांपर्यंत पोचतच नाही, तो उष्णता होऊन बाहेर टाकावा लागतो. 'आयरेसिंग'मध्ये पुढच्या गाडीला फार वेळ चिकटून चाललात, तर रेडिएटरला पुरेशी ताजी हवा मिळत नाही आणि पाण्याचं तापमान चढतं. 'बीमएनजी'त पुढून धडक बसून रेडिएटर फुटला, तर पाणी गळतं. तशीच गाडी दामटली की हेड गॅस्केट जातं, मग पिस्टनच्या रिंगा.

आपल्याकडे हेच काम उसाचं पाचट आणि धूळ करतात. जाळी बुजली की हवा अडते. मुलांना सांगा, काटा वर गेला तर गाडी बाजूला घ्यायची. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कारण दाबाखालचं उकळतं पाणी अंगावर उडतं. एकदम गार पाणीही ओतायचं नाही, त्याने तापलेल्या धातूला तडा जाऊ शकतो.

कारण ३ : तेल न पोचणं

कृती : चपट्या बाटलीत थोडं रंगीत पाणी घ्या आणि स्ट्रॉचं टोक तळाशी मधोमध ठेवा. बाटली तिरकी करा. पाणी एका बाजूला जातं आणि स्ट्रॉ हवा ओढते. वेगाने लांब वळण घेताना इंजिनाच्या तळातलं तेल असंच एका बाजूला सरकतं. पंपाने तेलाऐवजी हवा ओढली की बेअरिंग कोरडी फिरतात आणि काही क्षणांत घासून जातात. तेलाची पातळी मुळातच कमी असेल, तर हे लवकर होतं. म्हणून मेकॅनिक आधी डिपस्टिक बघतो.

कारण ४ : इंजिनात पाणी

कृती : सुई नसलेली सिरिंज घ्या. आत हवा ठेवून तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. तो बराच आत जातो. आता पाणी भरून तेच करा. दट्ट्या हलत नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं, तर वर येणारा पिस्टन असाच अडतो आणि रॉड वाकतो. 'बीमएनजी'त गाडी खोल पाण्यात घातली की हेच घडतं. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या ओढ्यांना पूर आला होता. पुलावर पाणी असेल तर गाडी घालायची नाही, हा पहिला नियम. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून चालू करायची नाही, हा दुसरा.

गेम काय विसरतो?

हा भाग वगळू नका. शर्यत तासा-दोन तासांची असते, पण आपला ट्रॅक्टर वर्षानुवर्षं चालतो. त्याचं इंजिन बहुधा हळूहळू मरतं : एअर फिल्टरमधून शिरलेली धूळ लायनर खरवडते, तेल वेळेवर बदललं जात नाही, भरल्या ट्रॉलीला वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर रेटलं जातं. यातलं फारसं काही गेममध्ये दिसत नाही. आणि गेममध्ये 'रीस्टार्ट' असतो. हंगामाच्या मध्यात ट्रॅक्टरचं इंजिन बांधायला काढावं लागलं, तर त्या घराचा हंगाम जातो.

चर्चेसाठी प्रश्न
१. व्हेस्पाला हाताने गिअर टाकावे लागत नाहीत. मग कारण १ मधली चूक तिच्यात होऊ शकेल का?
२. व्हेस्पाच्या १२५ सीसी इंजिनाला रेडिएटर नाही. ते थंड कसं होतं?
३. फेरे दीडपट झाले तर ताण किती पट होईल?

पालकांसाठी

मूल सिम्युलेटर खेळत असेल, तर नुकसानीचं सेटिंग शून्यावर ठेवू देऊ नका. ते शंभर टक्के करा. दर वेळी इंजिन बसलं की वहीत तीन ओळी लिहायला सांगा : काय दिसलं, त्याआधी मी काय केलं, चारपैकी कोणतं कारण. आठवडाभरात "नशीब" हा शब्द वहीतून कमी होतो का, ते बघा.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोला. गेममध्ये गाडी जमली म्हणजे रस्त्यावर जमली असं नाही. गिअरच्या मोटारसायकलला, कारला आणि ट्रॅक्टरलाही लायसन अठराव्या वर्षानंतरच मिळतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तोपर्यंत मुलाच्या हातात चावी देण्याऐवजी डिपस्टिक द्या. तेल बघणं, जाळीतलं पाचट काढणं, फिल्टरची धूळ झटकणं ही कामं बंद आणि थंड इंजिनावर, तुमच्या देखत त्याला करू द्या.