खडबडीत रस्त्यांसाठी जुनी डिझेल सेदान

प्रश्न : आमचे गाव मानोरा तालुक्यात आहे. वाशिमला नेहमी जावे लागते, रस्ता खड्ड्यांचा. जुनी डिझेल सेदान कोणती घ्यावी?

उत्तर : माझी पहिली पसंती टोयोटा इटिऑस. १३६४ सीसीचे साधे, दणकट इंजिन आणि टायमिंग बेल्टऐवजी चेन. मात्र या गाड्या टॅक्सीत फार राबल्या आहेत, म्हणून आधी आरसी नीट वाचा. मारुती डिझायरच्या १२४८ सीसी इंजिनालाही चेनच आहे. तिचे सुटे भाग सहज मिळतात. गावाकडे हे फार मोलाचे. महिंद्रा व्हेरिटो ऐसपैस, पण तिला बेल्ट आहे. तो कधी बदलला याचा पुरावा नसेल तर लगेच बदला, कारण तो तुटला की इंजिनच निकामी होते.

नावापेक्षा गाडीची प्रकृती महत्त्वाची. सकाळी इंजिन थंड असताना स्वतः चालू करून पाहा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतेय. गाडी लिफ्टवर चढवून चेंबर, लोअर आर्म, बुश आणि गंज तपासा. घेतल्यावर उन्हाळ्याच्या धुळीत एअर फिल्टर वरचेवर साफ करा. नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ची गाडी घेतलीत तर २०२७मध्ये फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर भरून नूतनीकरण करावे लागेल. हा खर्च धरूनच भाव करा.