क्षीण संदेश कोणता संच टिपतो?
बिनतारी ग्राही संचांच्या संवेदनक्षमतेचा तौलनिक परिचय

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबई परिसरात अनेक ठिकाणी दूरध्वनी व भ्रमणध्वनी सेवा कोलमडल्या आणि आपत्काळात बिनतारी संचाचे मोल पुन्हा प्रत्ययास आले. एका बाजूस ठाणे खाडी व दुसऱ्या बाजूस पारसिकची डोंगररांग असलेल्या नवी मुंबईत हा विषय केवळ हौसेचा नाही. दिवाळे, सारसोळे येथील कोळी बांधवांच्या होड्या खाडीत असतात. न्हावा-शेवा बंदरात १९८९ पासून मोठ्या जहाजांची ये-जा आहे. सागरी वाहिनी क्रमांक १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, ही संकटसंदेशाची आंतरराष्ट्रीय वाहिनी होय. होडीची विद्युतघटमाला उतरली असेल तर तिचा संदेश क्षीण असतो. तो ऐकू येईल असा संच कोणता?

दोन प्रकारचे संच

स्कॅनर हा ठरवून दिलेल्या वाहिन्यांवरून एकामागून एक फिरतो व बोलणे आढळेल तेथे थांबतो. वाइडबँड रिसीव्हर मध्यम लहरींपासून एक हजार मेगाहर्ट्झच्याही पुढचा विस्तृत पट्टा सलग ऐकू शकतो. आता पुष्कळ संचांत दोन्ही गुण एकत्र आढळतात.

आकड्याचा अर्थ

समजण्याजोगा आवाज मिळण्यास किती सूक्ष्म विद्युतदाब पुरतो, हे मायक्रोव्होल्टमध्ये सांगतात. आकडा जितका लहान तितका संच अधिक संवेदनक्षम. मात्र दोन आकड्यांची तुलना करताना वारंवारता, ग्रहणपद्धती व पट्ट्याची रुंदी सारखीच असली पाहिजे. पट्टा दुप्पट रुंद केला की आत शिरणाऱ्या गोंगाटाची शक्तीही दुप्पट होते. म्हणून २५ किलोहर्ट्झच्या सागरी वाहिनीवरील आकडा आणि २०० किलोहर्ट्झच्या एफएम प्रक्षेपणावरील आकडा यांची सांगड घालणे चुकीचे ठरते.

शहरातील अडचण

खाडीपलीकडे मुंबईतील एफएम केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर प्रबळ प्रक्षेपण करतात. त्यालगतच, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर, विमानांचा संभाषणपट्टा आहे. विस्तृत पट्ट्याचा संच सगळ्यांनाच दार उघडे ठेवतो. त्यामुळे प्रबळ लहरींनी तो भांबावतो आणि क्षीण संदेश दबून जातो. अशा जागी, कागदावर कमी संवेदनक्षम पण निवडक्षमता चांगली असलेला संच प्रत्यक्षात अधिक ऐकतो. एफएम पट्टा अडविणारी गाळणी लावल्यासही पुष्कळ फरक पडतो.

जागेवरच परीक्षा

दोन्ही संच आळीपाळीने एकाच ॲन्टेनाला जोडून, एकाच वाहिनीवर, त्याच रुंदीच्या पट्ट्यात ऐकावेत. नंतर दोन साध्या कसोट्या घ्याव्यात.

पहिली: संच एएम पद्धतीवर मोकळ्या वारंवारतेस लावून ॲन्टेना काढावा व पुन्हा जोडावा. जोडताच खरखर स्पष्टपणे वाढली, तर बाहेरचा गोंगाटच मर्यादा घालीत आहे. अधिक संवेदनक्षम संचावर खर्च करून लाभ होणार नाही.

दुसरी: संचातील ॲटेन्युएटर, म्हणजे येणाऱ्या लहरी ठराविक प्रमाणात कमी करणारी सोय, चालू करावी. त्यामुळे क्षीण संदेश उलट स्पष्ट झाला, तर संच प्रबळ लहरींच्या भाराखाली आहे असे समजावे.

ॲन्टेनाची उंची व केबल यांकडेही लक्ष हवे. पातळ केबल ३० मीटर लांब टाकल्यास १५० मेगाहर्ट्झच्या आसपास निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच नष्ट होते. शिवाय स्कॅनर इतरत्र फिरत असताना आलेली थोडक्यातली हाक निसटते. यास्तव १६ क्रमांकाच्या वाहिनीस प्राधान्य द्यावे.

कायदा व जबाबदारी

बिनतारी संच बाळगण्यावर १९३३ च्या अधिनियमापासून निर्बंध आहेत आणि २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानुसार अनधिकृतपणे संदेश टिपणे हा गुन्हा आहे. म्हणून शाळा, ग्रामपंचायत वा संस्थेने खरेदीपूर्वी दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडे परवानगीची चौकशी करावी.

पावसाळ्यापूर्वी, संच जेथे बसवावयाचा त्याच छपराखाली या कसोट्या घेतल्या, तर ऐन वादळात आलेली क्षीण हाक ऐकली जाण्याची शक्यता वाढेल. जाहिरातीतील मायक्रोव्होल्ट पाहून केलेल्या खरेदीतून ती खात्री मिळत नाही.