हिवाळ्यात ट्रॅक्टर व मोटारगाडीची धुलाई आणि निगा

पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगराळ पठारावर वसलेला आहे. मार्गशीर्ष व पौष महिन्यांत तेथे रात्री चांगलाच गारठा पडतो. पारा कित्येकदा १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो आणि उघड्यावर ठेवलेल्या लोखंडी वस्तूंवर पहाटे दव साचते. हाच काळ रब्बीच्या कामांचा आणि उसाच्या हंगामाचाही असतो. तालुक्यातील कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर धावू लागतात. जीप, टेम्पो व मोटारी यांनाही या दिवसांत उसंत नसते.

अशा वेळी गाडीच्या धुलाईबाबत दोन प्रकारच्या चुका आढळून येतात. काही मालक थंडीची सबब सांगून महिनोन्‌महिने गाडीला पाणी लावीत नाहीत. काही मालक भल्या पहाटे पंपाची नळी लावून भरमसाट पाणी ओततात आणि गाडी तशीच ओली ठेवतात. दोन्ही प्रकारांत नुकसान यंत्राचेच होते. दुसऱ्या प्रकारात पाणीही वाया जाते.

बर्फाचे प्रदेश आणि पाटोदा

लडाखसारख्या भागात हिवाळ्यात पाणी गोठते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि त्यामुळे रेडिएटर किंवा इंजिनाचा ठोकळा फुटू शकतो. साधे डिझेलही तेथे घट्ट होते. म्हणूनच त्या भागासाठी २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल उपलब्ध करण्यात आले. युरोप-अमेरिकेत रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या तळाशी चिकटून पत्रा खाऊन टाकते, म्हणून तेथे हिवाळ्यात गाडीचा तळ वरचेवर धुतात.

पाटोद्यास बर्फ पडत नाही. परंतु मिठाचा उपद्रव येथे निराळ्या वाटेने येतो. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत रासायनिक दृष्ट्या पोटॅशियम क्लोराईड, म्हणजे खाण्याच्या मिठाचेच भावंड होय. ज्या ट्रॉलीतून अशी खते वाहिली जातात, तिच्या सांध्यांत व कोपऱ्यांत खताचे कण अडकून राहतात. पहाटेचे दव त्यावर पडले की ते विरघळतात आणि लोखंडास झपाट्याने गंज चढतो. उसाचा चिकट रसही धूळ व ओल धरून ठेवतो आणि आंबला की आम्लधर्मी होतो. म्हणून खताची वाहतूक संपताच ट्रॉली प्रथम कोरडी झाडावी आणि नंतर धुवावी.

धुण्याची वेळ व पाणी

हिवाळ्यात गाडी सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान धुवावी, म्हणजे सूर्यास्तापूर्वी ती पूर्ण वाळते. सायंकाळी धुतलेल्या गाडीच्या फटींत रात्रभर ओल राहते. इंजिन गरम असताना त्यावर थंड पाणी कदापि ओतू नये. तापलेले ओतीव लोखंड एकाएकी आकसल्यास त्यास तडा जाण्याचा संभव असतो.

पाण्याचा हिशेबही ध्यानात घ्यावा. नळीतून मिनिटास १५ लिटर पाणी पडत असेल, तर अर्ध्या तासात ४५० लिटर पाणी जाते. एका मोठ्या जनावरास दिवसाला ४५ लिटर पाणी लागते असे धरले, तर हे दहा जनावरांचे एका दिवसाचे पाणी झाले. १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्यास याहून अधिक सांगणे नलगे. चिखल आधी खरवडून काढला, तर एका ट्रॅक्टरसाठी तीन-चार बादल्या पाणी पुरते.

धुण्याची रीत

१. गाडी विहीर, ओढा व जनावरांच्या हौदापासून दूर उभी करावी. तेल व औषधांचे अंश पिण्याच्या पाण्यात जाता कामा नयेत.

२. वाळलेला चिखल लाकडी पट्टीने काढावा. लोखंडी खुरप्याने रंग उडतो आणि तेथूनच गंजाची सुरुवात होते.

३. डायनामो, सेल्फ, बॅटरी आणि हवा-गाळणीचे तोंड प्लॅस्टिकच्या कापडाने झाकावे. या भागांवर पाण्याचा जोराचा झोत मारू नये.

४. एका बादलीत थोडे सौम्य साबणाचे पाणी व दुसरीत स्वच्छ पाणी घ्यावे. वरून खाली धूत यावे. चाके व तळ शेवटी धुवावा. धुण्याच्या सोड्याने रंग निस्तेज होतो, म्हणून तो वापरू नये.

५. सुती कापडाने गाडी पुसून उन्हात ठेवावी. रंग उडालेल्या जागी गंज घासून रंगाचा हात द्यावा. ग्रीसच्या जागी नवे ग्रीस भरावे, म्हणजे आत शिरलेले पाणी बाहेर पडते.

६. गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी सावकाश चालवून ब्रेक दोन-तीन वेळा दाबून पाहावेत. ओले ब्रेक नीट धरीत नाहीत.

थंडीतील इतर निगा

थंडीत बॅटरीची शक्ती कमी होते आणि इंजिनातील तेल दाट झाल्याने ते फिरविण्यास जोर मात्र अधिक लागतो. बॅटरीच्या टोकांवरील पांढरा थर काढताना प्रथम ऋण टोकाची तार सोडवावी, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टोके साफ करावीत आणि कोरडी झाल्यावर व्हॅसलिन लावावे. पाण्याची बॅटरी असल्यास तीत केवळ शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी घालावे. जवळ बिडी-काडी पेटवू नये, कारण बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी घातल्यास आत क्षारांचा थर बसतो. उत्पादकाने सांगितलेले कूलंट बारमाही वापरावे. ते गंज रोखते आणि उकळण्याचा बिंदूही वाढविते. कूलंट चवीस गोड पण विषारी असते, म्हणून मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे. डिझेलची टाकी सायंकाळीच भरावी, म्हणजे आत दव धरत नाही. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब सुमारे १ पौंडाने घटतो. तो टायर थंड असतानाच तपासावा.

जिवाशी गाठ

थंड इंजिन चालू होत नाही म्हणून त्याखाली जाळ करण्याची रीत काही ठिकाणी आहे. ती अत्यंत घातक आहे. डिझेलचा एक गळता थेंबही आगीस पुरेसा होतो. तसेच दार लावलेल्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साईड वायूस रंग नाही, वास नाही. माणूस गुंगीत जाऊन दगावतो.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र सर्वांत सोपे आहे. पहाटेच्या धुक्यात उसाने भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेस उभी असते. मागचा दिवा चिखलाने झाकलेला आणि तांबडी परावर्तक पट्टी धुळीने माखलेली असेल, तर मागून येणाऱ्या चालकास ती ऐन जवळ येईपर्यंत दिसत नाही. ट्रॉलीवर बहुधा तोडणी कामगारांची कुटुंबे बसलेली असतात. पाणी कितीही टंचाईचे असो, दिवे, पट्ट्या व समोरची काच पुसण्यास एक तांब्या पाणी पुरते. हे काम दररोज गाडी निघण्यापूर्वी झालेच पाहिजे. दिवा फुटला असेल किंवा पट्टी निघाली असेल, तर ती बदलल्यावाचून गाडी रात्री बाहेर काढू नये.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ऊस हंगामापूर्वी गावात एक प्रात्यक्षिक ठेवावे. एक ट्रॅक्टर-ट्रॉली मोजून चार बादल्यांत सर्वांसमक्ष धुवावी. धुऊन झाल्यावर कोठे तेल गळते, कोठे बोल्ट सैल आहे, कोठे पत्रा गंजला आहे, हे उपस्थितांनाच शोधावयास सांगावे. मळाखाली लपलेले दोष स्वच्छ यंत्रावर चटकन दृष्टीस पडतात. शेवटी सायंकाळी ट्रॉली शंभर पावलांवर उभी करून, पट्टी पुसण्यापूर्वी व पुसल्यानंतर तिच्यावर बॅटरीचा प्रकाश टाकून दाखवावा. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिलेला चालक दुसऱ्या दिवशी फडके न विसरता घेईल.