बर्फावर पाऊल ऊबदार कसे राहते?

हिवाळ्यात हिमालयातील बर्फावर पदभ्रमण करण्यासाठी महाराष्ट्रातून अनेक विद्यार्थी जातात. तयारी करताना बुटांचा विषय निघाला की घरातील वडील माणसे सांगतात, "चांगला जाड तळाचा बूट घे आणि आत दोन मोजे चढव." हा सल्ला कितपत बरोबर आहे? अलीकडे अनवाणी चालीचे बूट मिळू लागले आहेत. त्यांचा तळ पातळ व लवचीक, टाच सपाट आणि बोटांकडील भाग पावलाच्या आकाराप्रमाणे रुंद असतो. असा बूट घालून बर्फावर गेल्यास पाय गोठतील का? थोडे गणित करून पाहू.

पावलाची उष्णता खालच्या बर्फात जाते ती मुख्यतः वहनाने. दर सेकंदाला वाहून जाणारी उष्णता ही तळाचे क्षेत्रफळ, दोन्ही बाजूंच्या तापमानांतील फरक आणि पदार्थाची उष्णतावाहकता यांच्या सम प्रमाणात, तर थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. काही पदार्थांची वाहकता (वॅट प्रति मीटर प्रति अंश) स्थूलमानाने अशी:

स्थिर हवा – ०.०२५
कोरडा लोकरी नमदा – ०.०४
रबर – ०.१६
पाणी – ०.६
बर्फ – २.२

आता एका तळव्याचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर, तळव्याचे तापमान २५° से. आणि बर्फाचे उणे ५° से. धरू. म्हणजे फरक ३० अंशांचा. बुटाला नुसता ४ मिलिमीटर जाडीचा रबरी तळ असेल, तर

०.१६ × ०.०१५ × ३० ÷ ०.००४ = १८ वॅट

दोन्ही पावलांचे मिळून ३६ वॅट झाले. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण होते. तिच्यातील तिसऱ्या हिश्शाहून अधिक नुसत्या तळव्यांतून निघून जाऊ लागली, तर पाऊल २५ अंशांवर टिकणारच नाही. ते भराभर थंड होईल.

म्हणून रबर पाचपट जाड, म्हणजे २० मिलिमीटर केले, तर ३.६ वॅट उष्णता जाईल. परंतु बूट जड व ताठ होईल. त्याऐवजी ४ मिलिमीटर रबर तसेच ठेवून आत ६ मिलिमीटर जाडीचा कोरडा नमदा घातला तर? विजेच्या एकसर जोडणीत रोध मिळवतात, तसेच येथे थरांचे उष्णतारोध (जाडी ÷ वाहकता) मिळवायचे. रबराचा रोध ०.०२५ आणि नमद्याचा ०.१५, एकूण ०.१७५. यावरून उष्णतेचा ऱ्हास सुमारे २.६ वॅट येतो. एकूण जाडी निम्मी, आणि तरीही संरक्षण अधिक! ऊब येते ती लोकरीच्या तंतूंत अडकून पडलेल्या स्थिर हवेमुळे. पातळ तळाचा बूट थंडीत चालतो, मात्र त्यात या हवेला जागा हवी.

दुसऱ्या मोज्याचा घोटाळा येथेच होतो. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की लोकर दबते व तिच्यातील हवा निघून जाते. शिवाय रक्तवाहिन्यांवर दाब पडतो. पावलाच्या बोटांत स्वतःची उष्णता निर्माण करणारे स्नायू जवळजवळ नाहीत. त्यांना ऊब मिळते ती रक्तातून. रक्तप्रवाह मंदावला की बाहेरून कितीही कपडा गुंडाळला तरी बोटे गारच राहतात. रुंद बुटात बोटे मोकळेपणी हलतात, हा त्याचा खरा फायदा.

उत्तर युरोपातील सामी लोक हे फार पूर्वीपासून जाणतात. रेनडिअरच्या केसाळ कातड्याचे मऊ बूट ते करीत आणि त्यांत वाळलेले गवत भरीत. रात्री गवत काढून वाळवायचे, सकाळी पुन्हा भरायचे. १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या रोआल्ड अ‍ॅमुंडसेनच्या तुकडीने त्याआधीच्या हिवाळ्यात आपले ताठ बूट उसवून आतून मोठे करून घेतले होते. गवताप्रमाणेच तेथेही प्रश्न जागेचा होता.

गवत रोज का वाळवायचे? तक्ता पुन्हा पाहा. पाण्याची वाहकता हवेच्या सुमारे २४ पट आहे. घामाने वा वितळलेल्या बर्फाने लोकर भिजली की हवेची जागा पाणी घेते. शिवाय एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता खर्च होते.

यावरून निवडीचे नियम निघतात. बूट संध्याकाळी, जाड लोकरी मोजा व नमदा घालूनच पायात घालून पाहा. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहिली पाहिजे. नमदा काढता येणारा असावा, म्हणजे तो रात्री वाळवता येतो. कोरडे मोजे जवळ ठेवा. चिखलमिश्रित ओल्या बर्फात पाणी न शिरणारा बूट लागतो; बर्फाच्या उतारावर बुटाला लोखंडी काटे बांधायचे असतील तर ताठ तळच हवा. तेथे अनवाणी चालीचा बूट वापरू नये.

बोटे बधिर झाली तर "चालेल थोडा वेळ" म्हणू नका. ही हिमदंशाची पूर्वसूचना असते. लगेच शिक्षकांना सांगा. अशी बोटे बर्फाने चोळू नयेत, शेकोटीजवळही धरू नयेत. बधिरपणामुळे भाजल्याचे कळत नाही.

करून पहा : तीन सारख्या डब्यांत सारखेच गरम पाणी घ्या. बर्फाच्या लादीवर एक डबा चपलेच्या रबरी तुकड्यावर, दुसरा तेवढ्याच जाडीच्या कोरड्या लोकरी घडीवर व तिसरा तशाच ओल्या घडीवर ठेवा. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा.

सोडवा : वरच्या उदाहरणातील नमदा वजनाने दबून ३ मिलिमीटर झाला, पण वाहकता तीच राहिली, तर किती वॅट उष्णता जाईल? (उत्तर : ४.५ वॅट)